कोकणात क्रीडा संकुल उभारायचं तर आधी छप्पर, मग पाणी, मग मैदान

कोकणातल्या तालुक्याच्या गावी क्रीडा संकुल मंजूर झालं की पहिला आराखडा बहुतेक एकाच छापाचा येतो. मधोमध चारशे मीटरचा ट्रॅक, एका अंगाला दोन हजार माणसांची गॅलरी, दर्शनी कमान, आणि इनडोअर हॉल 'दुसऱ्या टप्प्यात'. दुसरा टप्पा किती ठिकाणी आला ते ज्याने त्याने आपल्या तालुक्यात पाहावं. आपल्याकडे जूनपासून सप्टेंबरपर्यंत मैदानावर पाय ठेवता येत नाही, ऑक्टोबरातल्या परतीच्या सरी वेगळ्याच. तालुका-जिल्हा पातळीवरच्या शालेय स्पर्धा मात्र बऱ्याचशा याच दिवसांत येतात. म्हणून निधी तुकड्यातुकड्याने मिळणार असेल तर क्रम असा धरावा: आधी छपराखालचा हॉल, मग पाण्याची सोय, मग मैदान. गॅलरी सगळ्यांत शेवटी, आणि तीही मोजकीच.

जागा दोनदा बघा

चारशे मीटरच्या प्रमाण ट्रॅकचे दोन सरळ भाग ८४.३९ मीटरचे आणि वळणाची त्रिज्या ३६.५० मीटर असते. १.२२ मीटरच्या आठ लेन धरल्या की बाहेरची मापं १७६.९१ बाय ९२.५२ मीटर येतात. भोवतीची मोकळी पट्टी, गटार आणि फेन्सिंग मिळून १९० बाय १०५ मीटर, म्हणजे जवळपास दोन हेक्टर नुसत्या ट्रॅकला लागतात. हॉल, कबड्डी-खोखोची मैदानं, पार्किंग आणि पाणीसाठा धरून चार ते पाच हेक्टर, म्हणजे दहा-बारा एकर सलग जागा हवी. तालुक्याला एवढी मिळत नसेल तर ट्रॅकचा हट्ट सोडावा. २०० मीटरचा मातीचा ट्रॅक आणि चांगला हॉल एक हेक्टरच्या आसपास बसतो, आणि पोरं त्यावर जास्त दिवस खेळतात.

एवढी सलग आणि सपाट जागा किनाऱ्यालगत तीनच ठिकाणी सापडते: खाडीकाठचं खाजण (भरतीचं पाणी शिरणारी खारी जमीन), नदीकाठचे मळे आणि वरचा सडा, म्हणजे माथ्यावरचं जांभ्या दगडाचं सपाट पठार. खाजणाचा विचार सोडून द्यावा. कांदळवन (खारफुटीचं जंगल) १,००० चौरस मीटरपेक्षा जास्त असेल तर त्याच्याभोवती ५० मीटरचा पट्टा सोडावा लागतो, आणि राज्यभर कांदळवन तोडायला मुंबई उच्च न्यायालयाने २०१८ मध्ये मनाई केली आहे. समुद्राच्या बाजूला भरतीरेषेपासून विरळ वस्तीच्या गावांत २०० मीटरपर्यंत बांधकाम निषिद्ध पट्टा येतो. २०१९ च्या किनारा नियमन क्षेत्र (सीआरझेड) अधिसूचनेनुसार लोकसंख्येची घनता दर चौरस किलोमीटरला २,१६१ च्या वर असेल तिथे तो ५० मीटर आहे. आपला गट नंबर यात कुठे बसतो हे जिल्ह्याच्या मंजूर किनारा आराखड्यावर पाहावं. तोंडी 'काही होत नाही' यावर दोन हेक्टर सपाट करू नयेत.

नदीकाठचे मळे दिसायला उत्तम, शहराला जवळ आणि एसटी स्टँडपासून चालत जाण्याजोगे असतात. पण २२ जुलै २०२१ ला चिपळूण आणि महाडमध्ये पाणी कुठवर चढलं होतं ते आधी विचारा. जलसंपदा विभागाच्या नकाशावर निळी पूररेषा २५ वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची आणि लाल रेषा १०० वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची असते. निळ्या रेषेच्या आत मैदान चालेल, कारण गाळ धुऊन काढता येतो. हॉल, विजेचं पॅनेल आणि मॅटची खोली मात्र लाल रेषेच्या बाहेरच हवी. तिथे जोत्याची पातळी २०२१ च्या खुणेपेक्षा किमान एक मीटर वर घ्या.

उरतो सडा. इथे जमीन सपाट आणि पाया घट्ट मिळतो, वस्ती फारशी नसते, म्हणून सगळ्यांची नजर तिथे जाते. सड्याची पाहणी मात्र दोन ऋतूंत करावी लागते. पहिली फेब्रुवारी ते मे, गवत वाळल्यावर. रत्नागिरी आणि सिंधुदुर्गाच्या सड्यांवर कातळशिल्पं आहेत, आणि त्यातली बरीच पातळ मातीखाली नाहीतर वाळलेल्या शेवाळाखाली दडलेली असतात. उक्षी, जांभरुण, कशेळी, देवाचे गोठणे, बारसू, कुडोपी ही ठिकाणं २०२२ पासून युनेस्कोच्या संभाव्य यादीत आहेत, पण यादीत नसलेली कितीतरी आहेत. गावातल्या गुराख्यांना बरोबर घ्या आणि पाच-पाच मीटरच्या पट्ट्यांनी सगळी जागा चाला. एकदा जेसीबी फिरला की पुन्हा बघायला काही उरत नाही. दुसरी पाहणी ऑगस्टमध्ये. पाणी कुठे साचतं, कुठे मुरतं, कुठून पऱ्या (लहान ओढा) सुरू होतो हे तेव्हाच दिसतं. सड्यावरची फुलझाडंही याच काळात उगवतात. कमी खड्ड्याची, कमी फुलांची बाजू बांधकामाला निवडणं त्यामुळे सोपं जातं.

जाताजाता पालखीची वाट, पाणंद, देवराईची हद्द आणि गुरांची पाण्याला जायची वाट नकाशावर आखून घ्या. शिमग्यात पालखी कंपाउंडच्या भिंतीला येऊन थांबली तर तो वाद कोणत्याही ठेकेदाराला मिटवता येत नाही. बारा फुटांचं फाटक आणि वर्षभर खुली वाट एवढ्यावर भागतं.

कागद

सातबारा नुसता नावांपुरता बघू नका. 'इतर हक्क' रकान्यात खाजगी वनाची नोंद आहे का हे पाहा. १९७५ च्या खाजगी वन संपादन कायद्याच्या नोंदी कोकणात अजून कामं अडवतात, आणि सावंतवाडी-दोडामार्ग भागात वनसंज्ञेचा, म्हणजे सरकारी नोंदीत 'वन' ठरलेल्या जमिनींचा, प्रश्न वेगळाच आहे. सामाईक सातबाऱ्यावर चाळीस नावं असतील तर निम्मी मुंबईला असतात. बैठक मे महिन्यात किंवा गणपतीत ठेवा, तेव्हा चाकरमानी गावात असतात. फेब्रुवारीतल्या ग्रामसभेत मिळालेली 'सहमती' जूनमध्ये वकिलाच्या नोटिशीने मोडलेली अनेकांनी पाहिली असेल. भूमी अभिलेखची हद्द कायम मोजणी झाल्याशिवाय अंदाजपत्रक करायला घेऊ नये.

सपाटीकरण

जागेला २० ला १ उतार असेल तर १०५ मीटर रुंदीत सव्वापाच मीटरचा फरक पडतो. अर्धं कापून अर्धं भरायचं म्हटलं तरी १३,००० घनमीटर माती-दगड हलवावा लागतो, म्हणजे हायवाच्या (मोठ्या डंपरच्या) हजारभर खेपा. उतार १० ला १ असेल तर हे दुप्पट होतं, आणि खालच्या बाजूला पाच मीटरची संरक्षक भिंत येते. ती भिंत मूळ अंदाजपत्रकात सहसा नसते. काम तिथेच अडकतं. म्हणून १५ ला १ पेक्षा तीव्र उताराची जागा मुळात घेऊच नये.

दोष कुठे निघतो ते लक्षात ठेवा. कापलेला भाग घट्ट जांभा आणि भरलेला भाग सैल भराव, या दोहोंच्या सांध्यावर पहिल्या-दुसऱ्या पावसाळ्यात लांबच लांब चीर पडते. ट्रॅक सिंथेटिक असेल तर त्या चिरेवर वरचा थर फाटतो. उपाय दोन आहेत. भराव २०-२५ सेंटिमीटरच्या थरांनी, पाणी मारून, व्हायब्रेटरी रोलरने दाबायचा, आणि प्रत्येक थराची घनता तपासून कागदावर घ्यायची. आणि वरचं काम करण्याआधी भरावावर एक पूर्ण पावसाळा जाऊ द्यायचा. दुसऱ्या उपायाला खर्च नाही, तरी तोच सगळ्यांत आधी गाळला जातो.

जांभ्यात पोकळ्या असतात, आणि थराखाली बहुतेक ठिकाणी पिवळी-पांढरी चिकण माती लागते. म्हणून हॉलच्या चार कोपऱ्यांत आणि मध्ये असे पाच चाचणी खड्डे किमान तीन मीटरपर्यंत घ्या. सड्याच्या कडेपासून हॉल लांब ठेवा. कडेखालची माती पावसात भिजून सुटली की वरचा जांभा ढेकळासारखा खाली येतो.

वेळापत्रकाचं म्हणाल तर ऑक्टोबरात मोजणी आणि चाचणी खड्डे, डिसेंबरपासून मेपर्यंत मातीकाम, पावसाळाभर विश्रांती, पुढच्या ऑक्टोबरात गटारं, पृष्ठभाग आणि हॉल. छपराचा शेवटचा पत्रा २० मेच्या आत बसला पाहिजे. कार्यारंभ आदेश मार्चमध्ये निघत असेल तर मातीकामाला हात न लावता पुढच्या हंगामाची वाट बघणं स्वस्त पडतं.

ट्रॅक उत्तर-दक्षिण असावा. मुख्य बैठक पश्चिमेला घ्या. संध्याकाळचा सूर्य पाठीशी राहतो, आणि पावसाळी वाऱ्याला गॅलरीची पाठच आडवी येते.

पाणी

यावर सगळ्यांत जास्त वेळ द्यावा, कारण कोकणात मैदान पाण्याने वाहून जातं आणि पाण्यावाचून वाळतं, दोन्ही एकाच वर्षात.

आधी वाहून जाणारं. ताशी १०० मिलिमीटरची सर धरा, ती आपल्याकडे नवलाची नाही. दोन हेक्टरच्या दाबलेल्या पृष्ठभागावरून ८० टक्के पाणी वाहिलं तर सेकंदाला जवळपास ४५० लिटर होतं. १०० ला १ उताराचा ३०० मिलिमीटरचा पाइप जेमतेम १०० लिटर नेतो, ६०० चा पाइप ६०० च्या आसपास. आराखड्यात भोवताली ३०० चा पाइप दिसला तर तो तिथेच खोडा. खरं तर पाइपापेक्षा जाळी टाकलेलं उघडं गटार बरं, पालापाचोळा अडकलेला दिसतो आणि काढताही येतो. ट्रॅकचा आडवा उतार आतल्या बाजूला असतो आणि १०० ला १ पेक्षा जास्त चालत नाही. त्यामुळे मुख्य गटार आतल्या कडेने येतं. डोंगराच्या बाजूने येणारं पाणी त्यात मिसळू देऊ नका. त्याला वरच्या अंगाला वेगळा चर हवा.

गटाराचं तोंड कुठे उघडतं हे खालच्या वाडीत जाऊन बघा. पूर्वी सड्यावर पसरून मुरणारं पाणी आता एका तोंडातून येणार असतं. ते कुणाच्या कुणग्याचा (भातखाचराचा) बांध फोडेल, कुणाच्या परसात शिरेल. दगडी पायऱ्यांवरून उतरवून, सोलिंग केलेल्या खड्ड्यात वेग मारून मगच ते पऱ्यात सोडायचं.

सडा म्हणजे खालच्या गावाची पाण्याची टाकी. जांभ्यात मुरलेलं पाणी पायथ्याशी झऱ्यांतून आणि विहिरींतून मिळतं. वर दोन हेक्टर डांबर आणि काँक्रीट केलं की मार्चमध्ये विहीर आटल्याची तक्रार येते, आणि ती खरीच असते. म्हणून पार्किंग पक्कं करू नका. खडी नाहीतर चिऱ्यांची (जांभ्याच्या घडीव दगडांची) मोकळी फरसबंदी पुरते. संडासाचा शोषखड्डाही सड्यावर चालत नाही. जांभ्याच्या फटींतून ते पाणी सरळ खालच्या विहिरीत जातं. बंद सेप्टिक टाकी आणि तिच्यापुढे तळाला अस्तर घातलेला, कर्दळी-लव्हाळ्यांचा वाफा करा.

आता साठवणीचा हिशेब. १०५ बाय ६८ मीटरच्या फुटबॉल मैदानावर हिरवं गवत टिकवायला दिवसाला पाच मिलिमीटर पाणी लागतं, म्हणजे ३६,००० लिटर. ऑक्टोबर ते मे २४० दिवसांचे ८५ लाख लिटर झाले. हॉलचं छप्पर १,२०० चौरस मीटर असेल आणि पाऊस ३,००० मिलिमीटर, तर ८० टक्के धरून २९ लाख लिटर जमतात. म्हणजे छपराच्या पाण्यावर वर्षभर हिरवळ नाही. फेब्रुवारीनंतर गवत वाळू द्यावं हे सरळ मान्य करा. ऑक्टोबर ते फेब्रुवारीला ५४ लाख लिटर लागतात. छपराच्या पाण्याला मैदानाच्या गटाराचं पाणी जोडलं की तेवढं जमतं. नळपाणी योजनेतून मैदानाला पाणी द्यायचं नाही, हे ठरावातच लिहून टाका. एप्रिलमध्ये वाडीला टँकर आणि मैदानाला तुषार सिंचन, हे चित्र कोणत्याही संकुलाची पत घालवायला पुरेसं आहे.

साठा कुठे करायचा? ३० बाय ३० मीटरचं सव्वातीन मीटर खोल तळं २९ लाख लिटर घेतं, पण दिवसाला पाच मिलिमीटर बाष्पीभवन धरलं तर आठ महिन्यांत त्यातले अकरा लाख लिटर उडून जातात. तेच पाणी सहा मीटर खोल खड्ड्यात साठवलं तर नुकसान जवळपास निम्म्यावर येतं. म्हणून जवळ बंद पडलेली चिरेखाण असेल तर ती सोडू नका. चारही बाजू उभ्या, खोली तयार, खोदाईचा खर्च शून्य. जांभा गळका असतो, त्यामुळे तळाला आणि भिंतींना प्लॅस्टिकचं जाड अस्तर किंवा फेरोसिमेंट हवंच. भोवती पाच फुटांची जाळी, कुलूपबंद फाटक आणि आत उतरायला कायमची शिडी. खाणीत पोरं बुडतात, त्यामुळे यात काटकसर नको.

हॉल

आत ४० बाय २५ मीटर मोकळी जागा आणि कोर्टावर नऊ मीटर मोकळी उंची ठेवा. एवढ्यात १३ बाय १० मीटरच्या कबड्डीच्या दोन मॅट, नाहीतर २७ बाय १६ चं खोखोचं मैदान, नाहीतर बॅडमिंटनची चार कोर्टं बसतात. व्हॉलीबॉल आणि बास्केटबॉलही होतं. उंची सात मीटरवर आणून पैसे वाचवले की बॅडमिंटन गेलं, आणि फी देणारा वर्ग मुख्यतः बॅडमिंटनचा असतो.

खाऱ्या हवेचा हिशेब काँक्रीटपासून सुरू होतो. आयएस ४५६ या काँक्रीटच्या भारतीय मानकानुसार किनारी हवेतलं उघडं काँक्रीट 'तीव्र' वर्गात येतं: किमान एम ३० प्रतीचं काँक्रीट आणि सळईवर ४५ मिलिमीटर आवरण. समुद्राचा फवारा थेट अंगावर येत असेल तर एम ३५ आणि ५० मिलिमीटर. साइटवर फूटपट्टी घेऊन कव्हर ब्लॉक (सळई साच्यापासून दूर ठेवणारे ठोकळे) मोजा. २५ चे ब्लॉक वापरले की दहा वर्षांत सळई फुगून काँक्रीट सुटायला लागतं. छपराच्या लोखंडी ट्रस (कैच्या) गरम जस्तात बुडवलेल्या हव्यात, नुसत्या रेडऑक्साइडवर भागत नाही. वेल्डिंग जस्त चढवायच्या आधी करायचं, साइटवर फक्त बोल्ट.

छपराचं डिझाइन वादळातला निवारा म्हणून करा. निसर्ग वादळ ३ जून २०२० ला श्रीवर्धन परिसरात धडकलं, आणि रायगडपासून दापोली-मंडणगडपर्यंत पत्रे उडाले, वीज कित्येक दिवस नव्हती. आयएस ८७५ भाग ३ या वाऱ्याच्या भाराच्या मानकातला वादळी किनाऱ्याचा वाढीव गुणक पूर्व किनारा आणि गुजरातसाठी आहे. आपल्याकडे डिझायनर तो १.० धरतो, आणि नियमाप्रमाणे तो बरोबरच असतो. तरीही मागणीपत्रात १.३० लिहून द्या. पत्रा सुटतो तो कडेला आणि कोपऱ्यात, म्हणून तिथे स्क्रू दुप्पट, वॉशरसकट आणि स्टेनलेस. पश्चिमेची भिंत बंद ठेवा, वारा-उजेड पूर्वेकडून आणि शिरावरच्या झरोक्यातून घ्या.

माणशी साडेतीन चौरस मीटर धरले तर हॉलमध्ये २८५ माणसं राहतात. त्यासाठी वीस माणसांमागे एक या हिशेबाने शौचालयं हवीत. नेहमीच्या वापराला आठ बांधा आणि उरलेल्या तात्पुरत्यांसाठी ड्रेनेजची जोडणी बाहेर काढून ठेवा. जनरेटर आणि पॅनेल जमिनीपासून वर, चबुतऱ्यावर.

लाकडी फरशी नको. दमट हवेत फळ्या फुगून कडा उचलतात. खाली पॉलिथिनचा थर देऊन काँक्रीट आणि वर पीव्हीसी रोल बरा. कबड्डीची मॅट भिंतीला टेकवून रचली की ऑगस्टपर्यंत काळी बुरशी धरते. तुकडे जमिनीपासून वीतभर उंच फळ्यांवर, मध्ये हवा खेळेल असे ठेवा.

गॅलरी

लंडनच्या २०१२ ऑलिंपिकच्या जलतरण केंद्रात स्पर्धेपुरत्या १७,५०० जागा होत्या. नंतर दोन्ही बाजूंच्या तात्पुरत्या गॅलऱ्या काढून अडीच हजारांच्या आसपास ठेवल्या. तिथे हा शहाणपणा परवडतो आणि आपल्याला दोन हजार आसनं हवी असतात ती वर्षातून दोनदा भरणाऱ्या स्पर्धेसाठी. कायमची चारशे-पाचशे पुरे, तीही उतारावर चिऱ्याच्या पायऱ्या करून: उंची ४० सेंटिमीटर, खोली ७५. त्यांना रंग लागत नाही आणि गंजायला काही नसतं.

मोठ्या सामन्याला पाइपांची गॅलरी भाड्याने येते. ती कोसळते ती बहुधा दोन कारणांनी: पाय सैल भरावावर बिनफळीचे टेकवलेले असतात, आणि तिरके आधार 'वाटेत येतात' म्हणून काढलेले असतात. ज्या जागी ती लागणार तिथे काँक्रीटच्या दोन पट्ट्या आताच टाकून ठेवा. पार्किंगला भात कापल्यानंतरची शेतं भाड्याने घेता येतात, नोव्हेंबर ते मे तसाही हंगाम तोच. एसटीला वळायला सुमारे १२ मीटर त्रिज्येची जागा मात्र कायमची हवी.

वाऱ्याला आडोसा म्हणून सुरूची झाडं लावायची पद्धत आहे, पण वादळात सुरूच मोडून आडवे झाले. उंडी आणि करंज बरे. माड मैदानाच्या कडेला नको, कारण सांगायला नको.

रोजचं चालवणं

आराखडा मंजुरीला जाण्याआधी आठवड्याचं वेळापत्रक लिहा: सकाळी सहा ते आठ चालणारे आणि पोलीस भरतीची पोरं, दुपारी शाळा, चार ते सहा मुली, सहा ते आठ कबड्डीची मंडळं, त्यानंतर बॅडमिंटन. मुलींची वेळ ठरवताना वाडीवस्तीकडची शेवटची एसटी किती वाजता सुटते ते डेपोत विचारा आणि त्याच्या अर्धा तास आधी सराव संपवा. फाटकापासून स्टॉपपर्यंत दिवे लावले नाहीत तर पावसाळ्यात मुलींची संख्या आपोआप घटते, आणि मग 'मुली येतच नाहीत' असा शेरा पडतो.

हॉलच्या दिव्यांना दहा किलोवॉट धरले तर रोज चार तास, महिन्याला २५ दिवस, असे हजार युनिट होतात. दहा किलोवॉटचे सौर पॅनेल वर्षाच्या सरासरीत तेवढे भरून काढतात. जुलैत निम्म्यावर येतात, ते नेट मीटरिंगमध्ये वळतं होतं. देखभालीला बांधकाम खर्चाच्या किमान दोन टक्के दरवर्षी बाजूला काढा. सिंथेटिक ट्रॅक असेल तर आठ-दहा वर्षांनी वरचा थर बदलण्याचे पैसे त्याहून वेगळे. हे पैसे कुठून येणार याचं उत्तर नसेल तर मातीचाच ट्रॅक ठेवा. कॅन्टीन बचत गटाला द्या, पण करारात भाड्याबरोबर शौचालयाच्या स्वच्छतेचीही जबाबदारी लिहा.

लग्नं आणि सभांना हॉल मिळावा असा आग्रह होईल. एप्रिल-मेमध्ये ठरावीक दिवस द्यायला हरकत नाही, जेवणावळ मात्र बाहेरच्या मांडवात आणि खुर्च्या रबरी टोपीच्या. अनामत रक्कम मॅट आणि फरशीच्या दुरुस्तीला पुरेल इतकी घ्या.

चाव्यांचे तीन जुडगे करा: एक व्यवस्थापकाकडे, एक जवळच्या घरातल्या जबाबदार माणसाकडे, एक पोलीस पाटलाकडे. वादळाचा इशारा रात्री दोनला येतो, तेव्हा व्यवस्थापक तालुक्याला असतो. तिन्ही माणसांची नावं आणि फोन नंबर फाटकावर रंगवून ठेवा, आणि मेच्या पहिल्या आठवड्यात गटारं साफ करायला जमाल तेव्हा तिन्ही जुडग्यांनी सगळी कुलुपं खरंच उघडतात का ते एकदा बघा. खाऱ्या हवेत कुलूप एका पावसात धरतं.